ग्राउंडशीटवरचे वाटे

पलटण वर चढली तेव्हा मी नाईक होतो. आमच्या सेक्शनला जी पोस्ट मिळाली ती दोन डोंगरांमधल्या खांद्यावर होती. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला काही कळणारही नाही. तीन बंकर, एक लंगर म्हणजे स्वयंपाकाची जागा, ऊब द्यायला रॉकेलवर पेटणारी एक बुखारी आणि चहूकडं बर्फ. पोस्ट कमांडर होते हवालदार सांडू बनकर. गाव अजिंठ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. मी दांडगे, शेंद्र्याचा. दोघं एका जिल्ह्याचे, आणि फौजेत एवढं नातं पुरतं.

आता मी वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. शिफ्टच्या बसची वाट बघताना पोरं चहा पाजतात आणि म्हणतात, "काका, फायरिंगचं सांगा ना." फायरिंगचं माझ्याकडं लई काही नाही. आमच्या पोस्टवर शत्रूपेक्षा हवामानानंच जास्त त्रास दिला. माझ्याकडं जे आहे ते एका माणसाचं आहे. तो माणूस वाटायचा कसा, त्याचं आहे. ज्याला धडाडधूम पाहिजे त्यानं टीव्ही लावावा.

सांडू बनकर ठेंगणे, रुंद खांद्यांचे, बोलायला सावकाश. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. हसायचे कमी, पण हसले की खांदे हलायचे आणि आवाज येत नसे. कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. फौजेत हे केवढं नवल आहे ते ज्यानं परेड ग्राउंड पाहिलं त्यालाच कळेल.

आमच्याकडं भाऊ वेगळे निघतात तेव्हा एक रीत आहे. थोरला वाटे घालतो, धाकटा आधी उचलतो. थोरल्याला उरेल ते. त्यामुळं वाटे घालताना थोरल्याला खोट करताच येत नाही. एक वाटा मोठा केला तर तो आपल्याला मिळायचा नाही, हे त्याला ठाऊक असतं. गावात बोकड पडलं तरी हीच रीत. उस्तादांनी ती जशीच्या तशी बर्फात नेली.

पहाटेचा स्टँड-टू संपला, म्हणजे हत्यारं घेऊन सगळ्यांनी मोर्च्यावर उभं राहण्याची वेळ सरली, की ते मधल्या बंकरमध्ये ग्राउंडशीट, म्हणजे खाली टाकायचं मेणकापड, अंथरायचे. तिच्यावर एकेक वस्तू मांडायचे. वाढायचा डाव म्हणजे लंगर. जरीकॅन म्हणजे बर्फ वितळवून पाणी करणं. बेलचा म्हणजे फावडं, छतावरचं बर्फ काढणं. दुर्बीण म्हणजे पहारा. रेडिओ सेट म्हणजे सेटवर बसणं. आणि लाल दोरी म्हणजे पोस्टच्या बाहेर जाणं. बर्फाच्या उतारावर जाताना ही लांब लाल दोरी कमरेला बांधून मागं फरफटत सोडायची असते. हिमकडा अंगावर आला तर माणूस गाडला जातो, दोरी हलकी म्हणून वर राहते. वरच्यांनी दोरी धरून खणत जायचं.

सगळं मांडून झालं की म्हणायचे, "उचला." नोकरीत सगळ्यात नवा तो आधी. मग त्याच्या वरचा. शेवटी मी, आणि माझ्यानंतर ते. उरेल ते त्यांचं.

एकदा कंपनी कमांडर साहेब पोस्टवर मुक्कामाला आले. सकाळी हा प्रकार बघून त्यांच्या भुवया टोपीत गेल्या.

"हवालदार, ड्यूटी लगाई जाती है. ये क्या सब्जी मंडी है?"

"साहब, ड्यूटी मैंने ही लगाई है. कौन उठाएगा, उतना ही बाकी है."

 साहेब होते तितके दिवस बघत राहिले. खाली उतरताना बूट बांधता बांधता म्हणाले, "तुम्हारे हिस्से में हमेशा लाल डोरी ही आती है क्या?"

"नहीं साहब. कभी-कभी बेलचा भी आता है."

साहेब हसले. नंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यात आमच्यात नवा आला शिपाई विष्णू मगर. पैठणकडचा. तब्येतीनं घोडा, पण नजर सदा संशयाची. लहानपणी भाऊबंदांनी याच्या बापाला पुरतं नाडलं होतं म्हणे. त्यामुळं जगात कुणी सरळ वाटतो यावर त्याचा विश्वासच नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं ग्राउंडशीटकडं असं बघितलं की जणू तिच्याखाली काही लपवलंय.

एका दिवशी खालून रेशनबरोबर अननसाचे डबे आले. बर्फात अननसाचा डबा म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. उस्तादांनी मगांमध्ये वाटे घातले. विष्णू नवा, त्याचा नंबर पहिला. गडी गुडघ्यावर बसला आणि एकेक मग डोळ्याजवळ नेऊन बघायला लागला. आमचा लंगरवाला गुलाब वैतागला. "अरे अननस हाय, का सोनं पारखतोस?"

विष्णूनं एक मग उचलला, परत ठेवला. म्हणाला, "ह्या दुसऱ्यात रस जास्ती हाय."

सगळे खो खो हसले. उस्ताद नाही हसले. म्हणाले, "मंग त्यो उचल की. बघूनच उचलायचं अस्तंय." आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "ह्यो बघतो म्हणून माझा हात सरळ पडतो. तुमी समदे भिडंनं उचलता. भिडंनं मला सूट मिळती."

विष्णूच्या तोंडाकडं मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या संशयाचं कुणी कौतुक केलं होतं. त्या दिवसापासून तो उस्तादांच्या मागं मागं राहायला लागला. उस्तादांचे बूट बुखारीजवळ वाळत घालायचा आणि आपण घातलेच नाहीत असं दाखवायचा.

आणि मग एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून एक चूक केली. उस्तादांना ताप होता. सकाळी त्यांनी नेहमीसारखे वाटे मांडले. आम्ही डोळ्यांनीच ठरवलं. पहिल्यानं बेलचा उचलला, दुसऱ्यानं दोरी, तिसऱ्यानं दोरी, आणि सगळ्यांनी मिळून रेडिओ सेट शिल्लक ठेवला. सेट म्हणजे बुखारीजवळ बसायचं काम. मी जरीकॅन घेतला आणि बाजूला झालो. आम्हाला वाटलं, लई भारी काम केलं.

उस्तादांनी सेटकडं बघितलं, मग आमच्याकडं. तापानं डोळे लाल. म्हणाले, "ठिवा. समदं खाली ठिवा." आम्ही ठेवलं. त्यांनी वस्तू पुन्हा कालवल्या, पुन्हा मांडल्या. "वाटा उचलायचा. उपकार नाय करायचा. माझ्यावर उपकार करायला लागले की उद्या मी तुमचा मालक व्हईन. पुन्हा उचला, बघून."

त्या दिवशी त्यांच्या वाट्याला बेलचाच आला. ताप अंगात घेऊन त्यांनी छतं साफ केली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढा ताठा कशाला, असं वाटलं. आज त्या वयाच्याही पुढं गेलो तेव्हा कळतं की तो ताठा नव्हता. लोकांच्या प्रेमात माणूस किती लवकर सोकावतो ते त्यांना माहीत होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमच्या पोस्टच्या पुढं, एका नाल्याच्या पलीकडं, एक छोटी निरीक्षण चौकी होती. तिच्यावर पाळीनं दोघं असायचे. तेव्हा लान्स नाईक जगन आणि शिपाई नामदेव होते. वादळ लागलं आणि सलग चाललं. ते थांबलं त्या सकाळी चौकीचा टेलिफोन मेला होता आणि त्यांचा सेटही उत्तर देत नव्हता. दुर्बिणीतून बघितलं तर चौकीचा पुढचा भाग दिसेना. मधल्या नाल्याच्या उतारावर नवं बर्फ थरावर थर साचलेलं. ऊन चढलं की ते सुटणार, हे सगळ्यांना कळत होतं. जायचं तर लगेच जायचं होतं.

उस्तादांनी सेटवरून कंपनीला कळवलं. सेटवर आमचं नाव बाज, कंपनीचं मोर.

"मोर के लिए बाज. दो आदमी आगे भेज रहा हूँ. ओव्हर."

"बाज, तुम्हारा फैसला. उतार देखकर. ओव्हर."

"बाज ओके. आऊट."

मग त्यांनी ग्राउंडशीट अंथरली. डाव, जरीकॅन, बेलचा, दुर्बीण, सेट. आणि दोन लाल दोऱ्या. आम्ही सातजण. 

"उचला."

विष्णू गुडघ्यावर बसला. अननसाच्या मगांकडं बघत होता तसाच बघत राहिला. पहिल्या दोरीकडं बघितलं, दुसऱ्या दोरीकडं बघितलं. हात पुढं गेला, थांबला. मग त्यानं सेट उचलला.

उस्ताद म्हणाले, "बघितलं?"

"बघितलं, उस्ताद."

"मंग झालं."

गुलाबचा नंबर पुढचा. डाव उचलता उचलता तो पुटपुटला, "वा रे पठ्ठ्या. बरोबर गरम जागा धरली."

उस्ताद आवाज न चढवता बोलले. ते शब्द मला पाठ आहेत. "गुलाब, त्यानं त्याचा वाटा उचलला. तूबी तुझा उचलला. उचलल्यावर बोल लावायचा असंल तर वाटे घालायचे कामून? मीच हुकूम सोडत जातो की मंग."

बाकीच्यांनी उचललं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा ग्राउंडशीटवर दोन्ही दोऱ्याच राहिल्या होत्या. एक मी घेतली, एक त्यांनी.

जाताना उतार आम्ही एकेकानं पार केला. असंच करतात. दोघं एकदम गेलो तर वजन जास्त, आणि बर्फ सुटलं तर दोघंही जातात. ते पुढं गेले, पलीकडं पोचून त्यांनी हात केला, मग मी. पाय मांडीपर्यंत रुतत होता. चौकीचं छत पुढून खचलं होतं. जगनचा पाय तुळईखाली दाबला गेला होता. नामदेव त्याच्याजवळ बसून त्याला बोलतं ठेवत होता. गावच्या जत्रेतल्या कुस्तीचं सांगत होता, आणि जगन म्हणत होता, "तूच पडला व्हतास, मला म्हाईत हाय."

आम्ही तुळई उचलली. पाय सुजला होता, पण मोडला नव्हता. जगन काठी घेऊन उभा राहिला. एव्हाना ऊन समोरच्या कड्यावर उतरलं होतं.

आता दोऱ्यांचा प्रश्न आला. उस्तादांची एक, माझी एक, नामदेवची एक. जगनची दोरी त्याच्या सामानाबरोबर खचलेल्या छताखाली. ती उकरत बसायला वेळ नव्हता. माणसं चार, दोऱ्या तीन.

उस्तादांनी आपली दोरी सोडली. आमच्याही मागितल्या. तिन्ही बर्फावर मांडल्या, एकीच्या बाजूला एक, अगदी ग्राउंडशीटवर मांडायचे तशा.

"उचला. नवा आधी."

नामदेवनं उचलली. जगननं उचलली. मी हलेना.

"दांडगे."

"उस्ताद, ही तुम्ही घ्या."

"वाटे कुणी घातले?"

"तुम्ही."

"मंग?"

 ऊन उताराच्या माथ्याला लागलं होतं. ते म्हणाले, "दांडगे, टाइम खाऊ नको." मी दोरी उचलली आणि बांधली.

नामदेव गेला, पोचला. जगन गेला, लंगडत, दोनदा पडला, पोचला. मी पोचलो. वळून बघितलं तेव्हा उस्ताद निघाले होते. आम्ही पाडलेल्या पावलांतच पाय ठेवत येत होते, घाई न करता. निम्म्यावर आले आणि वर कुठंतरी जाड कापड टरकावल्यासारखा आवाज झाला. त्यांनी एकदा वर बघितलं. मग सगळा उतारच चालायला लागला.

बर्फाची धूळ बसली तेव्हा तिथं पावलं नव्हती. काहीच नव्हतं.

माझ्याकडं छोटा सेट होता. "बाज, बाज. उस्ताद दब गए. ओव्हर."

पलीकडून खरखर आली. मग विष्णूचा आवाज आला, एकदम सरळ. "बाज समझ गया. मोर को बताता हूँ. मदद निकलती है. आऊट."

त्यानं कंपनीला सगळं नीट कळवलं, जागा, वेळ, माणसं. सेट गुलाबच्या हातात दिला आणि बेलचा न् लोखंडी गज घेऊन धावत सुटला. उतार पुन्हा सुटू शकत होता. आमच्याआधी तो खाली, साचलेल्या ढिगावर उतरला होता.

दोरी असती तर लाल रेघ धरून खणत गेलो असतो. ती नव्हती. आम्ही गज खुपसत गेलो, हातभर जागा सोडून पुन्हा खुपसत गेलो. बेलचा तुटला तेव्हा विष्णूनं हातांनी उकरलं. हातमोजे फाटले, नखं गेली. मी म्हणालो, "मगर, दम घे." त्याला ऐकूच गेलं नाही. उस्ताद सापडले ते त्यालाच. दोन्ही हात तोंडासमोर धरले होते, श्वासापुरती जागा राहावी म्हणून, शिकवतात तसे. पण उशीर झाला होता.

त्यांना आम्ही मधल्या बंकरमध्ये आणलं. ग्राउंडशीट सकाळची तशीच पसरलेली होती. तिच्यावरच ठेवलं.

नंतर गुलाब बोलला. तो वाईट माणूस नव्हता, पण दुःखाला तोंड पाहिजे असतं आणि त्यानं ते विष्णूकडं वळवलं. "तू दोरी उचलली असतीस तर आज उस्ताद असते."

विष्णू उभा होता. हाताला पट्ट्या. त्यानं मान खाली घातली. म्हणजे त्यालाही ते पटलेलं होतं.

मला काय वाटत होतं ते सांगतो. माझ्याही मनात तेच आलं होतं. राग कुणावर तरी टाकला की छाती जरा हलकी होते, आणि विष्णू अगदी सोयीचा होता. पण माझ्या कमरेला ती दोरी अजून होती. मी सोडली आणि गुलाबसमोर धरली.

"ही बघ. शेवटची दोरी. ही मी उचलली. त्यांच्यासमोर उचलली. बोल की मला."



कोपऱ्यातून जगन म्हणाला, "आन मला बी बोल. माझी तर दबलेली व्हती."

मी म्हणालो, "सकाळी उस्ताद काय बोलले? तुझ्या तोंडावर बोलले. उचलल्यावर बोल लावायचा नाही. ते गेले म्हणून त्यांचा शब्द गेला का?"

गुलाब ढसाढसा रडायला लागला. मग उठला, चहा केला, आणि पहिला मग विष्णूच्या हातात दिला. विष्णूच्या बोटांना तो धरता येईना, म्हणून गुलाबनंच धरला.

नवा हवालदार येईपर्यंत पोस्ट माझ्याकडं होती. दुसऱ्या सकाळी मी दुसरी ग्राउंडशीट अंथरली आणि वस्तू मांडल्या.  तोवर वाटे घालण्याचं काम किती अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. आपल्याला काय उरणार ते दिसत असताना हात सरळ ठेवायचा असतो.

"उचला."

विष्णूनं न बघताच लाल दोरीवर झडप घातली.

"ठेव खाली. बघून उचल."

तो बसला. सगळ्या वस्तूंकडं बघितलं, सावकाश. मग पुन्हा दोरीच उचलली.

"बघितलं?"

"बघितलं."

"मंग झालं," मी म्हणालो.

हेलिकॉप्टर आलं तेव्हा उस्तादांबरोबर जायला जिल्ह्यातले दोघं निवडायचे होते. एक मी. दुसऱ्यासाठी विष्णू स्वतः पुढं आला. वाटेत मला म्हणाला, "उस्तादांच्या घरी वहिनींना मी सांगणार, सेट उचलल्याचं. माझ्या तोंडानं." मी म्हणालो, "त्यांच्या घरावर काय वेळ आहे, अन् तू तुझं ओझं नेऊन कुठं टाकतोस?" तो म्हणाला, "टाकाया नाय चाललो. त्यांना म्हाईत पाहिजे. त्यांचा हक्क हाय." 

चिकलठाण्याला विमान उतरलं. संभाजीनगरला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. छावणीतून गाडी मिळाली. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड. सिल्लोडला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, दुकानं बंद करून. गावात सलामी झाली. उस्तादांचा धाकटा भाऊ तुकाराम यानं अग्नी दिला. अग्नी दिला ती जागा उस्तादांचं स्वतःचं वावर होतं. बरड, दगडच दगड. शेजारीच तुकारामाचं विहिरीचं वावर, हिरवंगार मका.

आम्हाला रजा जोडून मिळाली होती. दहाव्यापर्यंत थांबलो. वहिनी, म्हणजे उस्तादांच्या पत्नी कौसल्याबाई, गर्दीत रडल्या नाहीत. पाहुण्यांचं चहापाणी बघत होत्या. स्वतः नुसत्या पाण्यावर होत्या, बायका सांगत होत्या की घास उतरत नाही.

दहावा झाला. पाहुणे गेले. स्वयंपाकघरात चुलीपुढं वहिनी, भिंतीला टेकून तुकाराम, आणि आम्ही दोघं. विष्णू उभा राहिला. सावधानमध्ये उभा राहिला, रिपोर्ट द्यायला उभा राहतात तसा. त्यानं सगळं सांगितलं. ग्राउंडशीट, दोन दोऱ्या, सेट. "वहिनी, दोरी माझ्यापुढं व्हती. मी सेट उचलला."

वहिनींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.  मग विचारलं, "नंबर कुणाचा व्हता?"

"माझा. मी नवा. पयला माझाच अस्तो."

"बघून उचललं?"

"व्हय."

"त्यांच्या म्होरं?"

"व्हय, वहिनी."

मग मीही सांगितलं. शेवटची दोरी कुणी बांधली ते.

वहिनींनी तुकारामाकडं बोट केलं. "ह्ये भावजी. येगळे निघालो तवा ह्यांनीच वाटे घातले. भावजीनं इहिरीचं वावर उचललं. आमाला दगडं आली. त्याच्यावरून मी लई भांडले ह्यांच्याशी. लई म्हंजे लई. ह्ये म्हणले, त्यानं बघून उचललं, आता त्याच्या बांधाला मी डोळे लावायचा नाय, तूबी लावू नगं. आन खरंच, कदी लावले नाय."

तुकाराम जमिनीकडं बघत होता. म्हणाला, "मी बी उचलणाराच हाय, भाऊ."

विष्णू म्हणाला, "म्हंजे तुमाला राग नाय?"

"राग?" वहिनींचा आवाज एकदम चढला. "लई राग हाय मला. पर तुमच्यावर कामून काढू? ह्यांच्यावर हाय. समद्यांचे वाटे घातले त्यांनी. भावाचे घातले, तुमचे घातले. माझ्या वाट्याला काय येतंय, त्ये बघितलं का? माझ्या पोरीच्या वाट्याला? आमाला कुणी म्हणलं का, उचला म्हणून?"

  उस्तादांना मी फार मानतो, अजून मानतो, पण वहिनींचा हा सवाल मी त्यांच्या बाजूनं कधी खोडून काढू शकलो नाही. आणि मला वाटतं, ते असते तर त्यांनीही खोडला नसता. खाली मान घालून ऐकून घेतला असता.

वहिनी रडल्या. दहा दिवसांचं त्या एका बसण्यात रडल्या. आम्ही बसून राहिलो. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, तव्यावरची जवारीची भाकर उतरवली आणि मोडली. नीट मधोमध मोडली नाही, एक तुकडा मोठा झाला, एक लहान. दोन्ही ताटात ठेवून ताट विष्णूपुढं सरकवलं.

"उचला."

विष्णूनं लहान तुकडा घेतला.

वहिनींनी ताट पुढं धरलं. "ठिवा त्यो. ह्यो उपकार झाला. ह्या घरात उपकार चालत नाय. बघून उचला."

विष्णूनं तुकडा परत ठेवला. दोन्ही तुकड्यांकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण बघितलं. मग मोठा तुकडा उचलला आणि खायला लागला. वहिनींनी उरलेला लहान तुकडा घेतला, चटणीला लावला, आणि पहिला घास तोंडात घातला. तुकाराम उठून बाहेर गेला.

पुढं मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो. विष्णू हवालदार झाला. त्याच्या सेक्शनमध्ये कुणाची तक्रार आली नाही, एवढं मी पलटणीत ऐकून होतो. आता तोही वाळूजलाच आहे, माझ्या शेजारच्या कारखान्यात. तिथल्या शिफ्टा तो कशा लावतो ते कामगारांना विचारा. सणासुदीची रात्रपाळी कुणाला राहते, तेही विचारा.

उस्तादांच्या दिवसाला आम्ही दरवर्षी गावी जातो. त्या बरड वावरात एक साधा चौथरा आहे, त्यावर नाव कोरलंय. गुलाब येतो, जगन येतो, काठी टेकत. नामदेव येतो आणि कुस्तीची गोष्ट निघाली की अजून भांडतो. तुकारामानं विहिरीचं पाणी इकडच्या वावरात केव्हाच आणलंय. वहिनींनी ते लगेच घेतलं नव्हतं. पाण्याचे वाटे घालून, दोघांच्या पाळ्या ठरवून मगच घेतलं. त्यांची मुलगी आता सिल्लोडच्या शाळेत शिकवते.

चौथऱ्यासमोर विष्णू जुनी ग्राउंडशीट अंथरतो. तिच्यावर वहिनी भाकर आणि गुळाचे वाटे घालतात. लेकरं आधी उचलतात, मग तरणे, मग आम्ही म्हातारे. विष्णू अजून बघून उचलतो, आणि गुलाब अजून त्याला म्हणतो, "सोनं पारखतोस का?"

सगळ्यांचं झालं की दोन वाटे उरतात. वहिनी एक स्वतः घेतात. दुसऱ्याला कुणी हात लावत नाही. वहिनी जरा वेळ थांबतात, जणू कुणी यायचं राहिलंय. मग म्हणतात, "आज तरी बघून उचला हो," आणि तो वाटा चौथऱ्यावर ठेवतात.